सुलक्षणा सिस्टरची बॅटरी

सुलक्षणा सिस्टर भरताची वांगी घेते तेव्हा प्रत्येक वांग्याचं देठ उचलून खाली बघते. जळगावच्या बाजारातल्या भाजीवाल्या तिला लांबून ओळखतात आणि टोपली पुढे सरकवतानाच म्हणतात, "घ्या ताई, तपासा." दूधवाला तिच्यासमोर माप उपडं करून दाखवतो. नवरा ज्ञानेश्वर नशिराबादला शाळेत लिपिक आहे. पोटात दुखतंय असं त्याने म्हटलं की ती आधी जीभ बघते, मग पोट दाबून बघते आणि मग विचारते, "भजी कुठे खाल्ली?" दुर्दैव असं, की भजी खाल्लेली असतातच.

हा संशय तिने माहेरून आणला. वडील वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. दारूगोळ्याचं काम, तिथे चुकीला माफी नाही. घरी आल्यावरही त्यांची तपासणी संपायची नाही. गॅसचा कॉक, दाराची कडी, पोरींच्या सायकलीचे ब्रेक, सगळं ते पुन्हा बघायचे. आई "मी पाहिलंय हो" म्हणाली की म्हणायचे, "तू पाहिलंस, मी नाही पाहिलं." आई चिडायची, धाकट्या दोघी हसायच्या. थोरली मात्र ते वाक्य गाठीला बांधून नर्सिंगला गेली आणि तेवीस वर्षं त्याच जोरावर नोकरी करते आहे.

जळगावातल्या एका खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत ती इन्चार्ज आहे. नव्या मुली कामावर आल्या की सवयीने आधी मॉनिटरकडे बघतात. ती त्यांना दारातच अडवते.

"पेशंट कुठंय?"

"बेडवर, मॅडम."

"मग टीव्हीकडे काय बघतेस?"

तिच्या मते मॉनिटरवरचा आकडा म्हणजे शेजारणीने आणलेली बातमी. ऐकून घ्यावी, पण जाऊन खात्री करावी. खात्री म्हणजे पायाला हात लावून गार आहे का बघणं, अंगठ्याचं नख दाबून रंग किती वेळात परत येतो ते बघणं, लघवीच्या पिशवीत तासाभरात किती जमलं ते वाकून बघणं. खिशात पेनाएवढी बॅटरी असते, ती पापणी उचलून डोळ्यांत मारायची आणि बाहुली आकसते का बघायची. मागच्या हिवाळ्यात एका आजोबांचा ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णव होता आणि आजोबा सुनेची उणीदुणी काढत होते. हिने घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ते चौतीस भरले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं तिला मंजूर नाही. तिने डॉक्टर अर्हमना जेवणावरून उठवून आणलं. हे डॉक्टर राजस्थानी कापड व्यापाऱ्याच्या घरातले, दुकानात गिऱ्हाईकाशी बोलावं तसं सगळ्यांशी गोड बोलतात. आजोबांची छाती ऐकल्यावर तो गोडवा गेला आणि पळापळ सुरू झाली. आजोबा वाचले. तेव्हापासून सुलक्षणा सिस्टरने हाक मारली की डॉक्टर आधी येतात आणि कारण नंतर विचारतात.

म्हणून तर गेल्या भाद्रपदात जे झालं ते तिला अजून पचलेलं नाही.

सोमवारी दुपारी अडीचला जीवराम नावाच्या शेतकऱ्याला आणलं. वय अठ्ठावन्न, गाव एरंडोलच्या पलीकडचं. कपाशीवर फवारणी करता करता ते बांधावर कोसळले होते. पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता आणि औषध मानेवरून खाली झिरपत राहिलं होतं. बरोबर बायको सुंदरबाई आणि सून पुनम. मुलगा भूषण सुरतेला कामाला.

सुलक्षणाने पापणी उचलून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. घामाच्या धारा, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, छातीत खळखळ, नाडी बेचाळीस. हे विष भिनलं की अंगातले सगळे झरे एकदम फुटतात आणि माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपिनचं इंजेक्शन ते झरे आटवतं. छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत ते देत राहायचं, आणि दर दहा मिनिटांनी माणूस पुन्हा तपासायचा. दिपमाला नावाच्या नव्या नर्सकडून तिने जीवरामांचे कपडे कापून काढवले आणि दोनदा साबणाने अंग धुवून घेतलं. केस, कानामागची जागा, नखं, काही सोडलं नाही. कपड्यांना औषध लागलेलं असतं, म्हणून ते पिवळ्या पिशवीत बांधून कायमचे टाकायचे, हा नियम तिचाच.

पिशवीला गाठ मारत असताना सुंदरबाई पुढे आली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, पदर ओला झालेला.

"ताई, बठ्ठं टाकी द्या, पन त्यासना डोकाना रुमाल तरी माले द्या." आणि तिने वाकून सुलक्षणाचे पाय धरले.

सुलक्षणाला आपली आई आठवली. वडील गेले तेव्हा आई त्यांच्या चष्म्यासाठी अशीच अडून बसली होती, आणि तो चष्मा शेवटपर्यंत सापडला नव्हता. तिने रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून म्हातारीच्या हातात दिला. "घरी गेल्यावर साबणाने धुवा, अक्का," एवढं बजावलं आणि ती कामाला लागली.

सून मात्र तिला पहिल्या क्षणापासून खटकली. पंचविशीची पुनम ताठ उभी होती, तोंडाने चकार शब्द नाही. सासरा मरणाच्या दारात आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. कागदावर सही करताना तिने खालच्या आवाजात विचारलं, "मामा काही बोलनात का?"

बरे आहेत का, वाचतील का, हे विचारायचं सोडून बोलले का? सुलक्षणाच्या मनात पाल चुकचुकली. माणूस काय बोलेल याची भीती ज्याला असते तोच असं विचारतो, असा तिचा अनुभव होता, आणि आपल्या अनुभवावर तिने कधी बॅटरी मारून पाहिली नव्हती.

मंगळवारी जीवरामांनी डोळे उघडले. बुधवारी सकाळी ॲट्रोपिन कमी केलं आणि नाकातल्या नळीतून थोडं डाळीचं पाणी द्यायला डॉक्टरांनी सांगितलं. डबा घरून यायचा आणि तो पुनम आणायची. भेटीची वेळ चार ते साडेचार. त्या वेळात बेडभोवतीचा पडदा लावायचा नाही, हाही नियम सुलक्षणाचाच. पडद्याआड नातेवाईक काय काय भरवतात ते तिने आयुष्यभर पाहिलं होतं. पण सुंदरबाई हात जोडून म्हणाली, "जरासा परदा लावू का, ताई? देवनं नाव लेनं शे." मंगळवारी सुलक्षणाने स्वतःच्या हाताने पडदा ओढून दिला, आणि मग रोजच दिला. म्हातारीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. प्यायला पाणी दिलं तर पेला धरताना तिचा हात चुकला.

"रडून रडून डोळे गेले बिचारीचे," सुलक्षणा दिपमालाला म्हणाली. "माया असावी तर अशी."

पुनम पडद्याबाहेर डबा धरून उभी राहायची आणि सुलक्षणाची नजर सबंध अर्धा तास पुनमवर असायची.

बुधवारी सव्वापाचला जीवरामांच्या कपाळावर पुन्हा घाम फुटला. नाडी उतरली, बाहुल्या बारीक झाल्या, छाती वाजायला लागली. ॲट्रोपिन वाढवून निभावलं. डॉक्टर अर्हम म्हणाले, "होतं असं, सिस्टर. फवारणीचं औषध चरबीत साठतं आणि हळूहळू परत रक्तात उतरतं."

गुरुवारी पुन्हा तसंच झालं, पाच वाजून दहा मिनिटांनी. सुलक्षणाने सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या मागे वेळा लिहिल्या होत्या, तो तिने डॉक्टरांसमोर धरला.

"चरबीला घड्याळ कळतं का, सर? भेटीनंतर पाऊण तास, दोन्ही दिवस."

डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेऊन दोन्ही वेळा पुन्हा वाचल्या. तिने फ्रिजमधून डब्यातलं उरलेलं पाणी काढून दाखवलं. त्यांनी वास घेतला, हलवून पाहिलं. "मला तर डाळच दिसते. तपासायला पाठवलं तर कळायला आठवडे जातील."

"तोवर माणूस राहील का?"

 सुलक्षणा तडक बाहेर आली. दाराशी पाच-सहा नातेवाईक बसले होते, त्यात जीवरामांच्या गावचेही दोघे. तिने आवाज खाली घेतला नाही.

"उद्यापासून हिने आत यायचं नाही," ती पुनमकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि हिच्या हातचं काही पेशंटच्या पोटात जाणार नाही."

सगळ्यांच्या माना पुनमकडे वळल्या.  पुनमने डबा पिशवीत घातला आणि ती जिना उतरून गेली. चोराच्या मनात चांदणं, असं सुलक्षणा मनात म्हणाली, आणि तिला जरा हलकं वाटलं.

असली बातमी गावात पोचायला एसटीची वाट बघत नाही. शुक्रवारी दुपारी आयसीयूची झाडलोट करणाऱ्या कुंदाबाईने वर येऊन सांगितलं, "ती सून खाली पायऱ्यांवर बसलीये, कालपासून. नवऱ्याने फोनवर सांगितलं म्हणे, माहेरी जा, मी येईपर्यंत घरात पाय ठेवू नको. पोलिसात द्यायचंही चाललंय भाऊबंदांचं." सुलक्षणाला वाईट वाटलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. "केलंय तर भोगेल," ती म्हणाली आणि जीवरामांच्या नळीत दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली पेज दिली, तीही स्वतः चाखून.

चारला सुंदरबाई एकटी आली. पडदा लागला, साडेचारला उघडला. म्हातारी डोळे पुसत, भिंतीला हात लावत बाहेर गेली. सुलक्षणा बेडजवळ खुर्ची घेऊन बसली. आज काही होणार नाही याची तिला खात्री होती. पाच वाजता तिने नाडी पाहिली, ठीक होती. पाच वाजून पाच मिनिटांनी जीवरामांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार निघाली.

मग सगळं भराभर घसरलं. नाडी चव्वेचाळीस, ओठ काळेनिळे, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. डॉक्टर अर्हम धावत आले, श्वासनलिकेत नळी घातली, दिपमालाने ॲट्रोपिनच्या कुप्या एकामागून एक फोडल्या. वीस मिनिटं माणूस जातो की राहतो अशी गेली. साडेपाचला नाडी वर आली तेव्हा डॉक्टरांनी घाम पुसला. डबा नव्हता आणि सूनही नव्हती.

 मी एका निरपराध बाईला दारात उभी करून... पुढचा विचार सुलक्षणाने थांबवला, कारण अजून माणूस वाचायचा होता. "दिपमाला, चादर काढ," ती म्हणाली. "डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा बघायचं. हा माणूस आत्ताच आलाय असं समज."

डोकं, कान, टाळू, काही नाही. मानेशी तिचा हात थांबला. मानेच्या उजव्या बाजूला, खांद्यापर्यंत, कातडीखालचं मांस बारीक बारीक फडफडत होतं. त्या वेळी दुसरीकडे कुठेच ते तसं फडफडत नव्हतं. घामही तिथेच जास्त दाटला होता. विष रक्तातून आलं असतं तर सगळीकडे सारखं दिसलं असतं. हे वरून, कातडीतून, याच जागी शिरलं होतं. तिने मानेची वळी बोटांनी फाकवली. आत राखाडी रेघ होती. तिने हातमोजा नाकाशी नेला. राख, आणि तिच्यामागे लसणासारखा उग्र वास, सोमवारी कपड्यांना येत होता तोच.

"अंगारा," दिपमाला म्हणाली.

सुलक्षणा बाहेर गेली. सुंदरबाई बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हनुवटीवर लाळ, कपाळावर घाम. चार दिवस हे सगळं तिच्यासमोर होतं. सुलक्षणा गुडघ्यावर बसली आणि तिने म्हातारीची पापणी वर करून बॅटरी मारली.

बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

"अक्का, तुम्हाला दिसतं का नीट?"

"मंगयवारपाईन धुकं धुकं दिसस, ताई."

"रुमाल कुठंय?"

सुंदरबाईने पिशवी छातीशी धरली. बऱ्याच वेळाने तिने तो काढला. न धुतलेला, औषधाने चिकट, अंगाऱ्याच्या पाण्याने ओला. मानूस पडना त्या दिनना रुमाल तो घर येस तवलोंग धोवाना नही, धोया ते मानूसच धोवाई जास, म्हणजे रुमाल धुतला तर माणूसही जातो, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. तो अंगाऱ्याच्या पाण्यात भिजवून रोज नवऱ्याच्या मानेवरून आणि खांद्यावरून फिरवायचा, वर राहिलेली राख साध्या पाण्याने पुसून घ्यायची, आणि रात्री रुमाल आपल्या उशाशी घेऊन झोपायचं. मंगळवारीही फिरवला होता. तेव्हा ॲट्रोपिन भरपूर चालू होतं, म्हणून कळलं नाही. आज शुक्रवार, देवीचा वार, आणि सून घरातून गेलेली, म्हणून तिने जास्त वेळ फिरवला होता.

"मी ते त्यासले वाचाडाकरता करं व, ताई," ती म्हणाली.

 रुमाल कोणी दिला, पडदा कोणी ओढला, हे सुलक्षणाला कोणी सांगायला नको होतं. सगळ्या जगाला तपासणाऱ्या बाईने एक पदर ओला पाहिला आणि तिथे तपासणी सोडून दिली. तिने सुंदरबाईला उचलून आत नेलं, अंग धुवून घेतलं, शेजारच्या बेडवर झोपवून सलाईन लावलं. मग नोंदवहीत लिहिलं: "सोमवारी रुग्णाचा दूषित रुमाल नातेवाइकास मी दिला. भेटीच्या वेळी पडदा मी लावला." खाली सही केली. डॉक्टर अर्हम म्हणाले, "एवढं लिहायलाच हवं का?" ती म्हणाली, "तुम्ही नाही लिहिलं, मी लिहिलं."

मग ती जिना उतरून खाली गेली. पुनम तिसऱ्या पायरीवर बसली होती, कालच्याच साडीत, शेजारी रिकामा डबा. सुलक्षणाने तिचा हात धरला आणि तिला वर आणलं. दाराशी गावचे दोघे होतेच, इतरही होते.

"काल याच दारात मी बोलले ते खोटं होतं," सुलक्षणा म्हणाली. आवाज कालच्याएवढाच ठेवायचा तिचा प्रयत्न होता, तो जमला नाही. "डब्यात काही नव्हतं. विष रुमालात होतं आणि रुमाल मी दिला होता. हिचा काडीचा दोष नाही. भूषणला फोन लावा, त्यालाही मीच सांगते."

पुनमने आपला फोन लावून दिला, सुलक्षणाने सांगितलं.  पुनमने फोन परत घेतला आणि बंद केला.

"सोमवारी तू विचारलंस, मामा काही बोलले का," सुलक्षणा म्हणाली. "ते का?"

"सकायले मी त्यासले सांगं व्हतं, पंप गयस, आज जाऊ नका. ते मनावर ओरडनात. मना तोंडमाईन निंघी गयं, मरा मंग." पुनमचा आवाज अजूनही कोरडाच होता. "ते त्यासनी ध्यानमा ठेवं का, इतलंच माले जानानं व्हतं."

सुलक्षणाने माफ कर म्हटलं. पुनमने मान हलवली नाही.

"मना डोयामा पानी नव्हतं म्हनीसन मी चोर," ती म्हणाली. "आनि मना सासूना डोयामा व्हतं म्हनीसन ती देव. आसंच ना, सिस्टर?"

 ही मुलगी तीन रात्री त्याच घरात, त्या रुमालाजवळ वावरली होती. सुलक्षणाने खिशातून बॅटरी काढली.

"इकडे बघ. तुलाही तपासायला हवं."

पुनमने तोंड वर केलं. उजव्या डोळ्यात उजेड पडला, बाहुली आकसली, उजेड काढल्यावर पसरली. डावीही तशीच. दोन्ही अगदी व्यवस्थित होत्या. सोमवारपासून सुलक्षणा हिच्यावर नजर ठेवून होती, आणि तिच्या डोळ्यांत मात्र आज पहिल्यांदाच बघत होती. डोळे लाल होते, खाली काळी वर्तुळं, किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे.

"चांगले आहेत," सुलक्षणा म्हणाली.

तेव्हा कुठे त्या डोळ्यांत पाणी आलं. सुलक्षणाने बॅटरी बंद केली, दार उघडून धरलं, आणि पुनम दोन बेडांच्या मधल्या स्टुलावर जाऊन बसली.